पिकअपचे ब्रेक धरतात, चाकं तापतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुनी बोलेरो पिकअप, टाटा २०७ आणि त्याच वर्गातल्या गाड्या चालवणाऱ्यांकडून सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. ब्रेक धरणं म्हणजे पेडल सोडल्यावरही ब्रेक पूर्ण न सुटणं. पुढे डिस्क, मागे ड्रम, ब्रेक ऑइल आणि पेडलचा जोर वाढवणारा व्हॅक्यूम बूस्टर अशी रचना गृहीत धरली आहे. एअर ब्रेकच्या गाड्यांना यातलं बरंचसं लागू पडत नाही. बहुतेकांचा पहिला प्रश्न "कुठला पार्ट बदलू?" हा असतो. त्याचं उत्तर प्रश्न ४ मधली दोन मिनिटांची तपासणी केल्याशिवाय देता येत नाही, म्हणून घाईत असाल तर तिथूनच वाचायला लागा.

१. गाडी जड चालतेय. ब्रेक धरतायत की दुसरंच काही आहे, हे कसं कळणार?

रिकाम्या, सपाट रस्त्यावर ताशी तीसच्या वेगात गाडी न्यूट्रल करा आणि ती कशी धावते ते बघा. मोकळी गाडी हळूहळू वेग सोडते, ब्रेक धरलेली गाडी कुणीतरी मागून ओढल्यासारखी बसते. (ही चाचणी घाटात किंवा उतारावर करायची नाही.) सोबत आणखी खुणा असतात: ॲव्हरेज पडणं, करपल्याचा वास, एकाच चाकावर जास्त काळी धूळ, स्टिअरिंग एका बाजूला ओढणं. डावीकडचं पुढचं चाक धरत असेल तर गाडी डावीकडे जाते.

गाडी मोकळी धावते पण चढाला दम तोडते, असं असेल तर ब्रेकच्या मागे लागू नका. क्लच, एअर फिल्टर, डिझेल फिल्टर बघा. आणि सगळ्यांत आधी टायरमधली हवा, कारण निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

२. चाक किती गरम झालं म्हणजे जास्त?

एकट्या आकड्याला अर्थ नाही, तुलना करा. आठ-दहा किलोमीटर चालवा, ब्रेक कमीत कमी वापरा, शेवटी गिअर उतरवत गाडी थांबवा. मग चारही चाकांजवळ हाताची पाठ न्या. हात टेकवू नका, धरलेला ड्रम चामडी भाजतो. जवळ नेल्यावरच धग लागत असेल तर पाण्याचे चार थेंब शिंपडा. चर्र आवाज करून उडाले तर ते चाक संशयित.

पुढची चाकं मागच्यांपेक्षा गरम असणं नेहमीचं आहे, थांबवण्याचं जास्त काम तीच करतात. बघायचा तो एकाच अ‍ॅक्सलवरचा डाव्या-उजव्यातला फरक. तापमान मोजायची गन मिळाली तर उत्तम: एका बाजूला ६० अंश आणि दुसरीकडे १४० दिसलं की वाद संपला. दोन्ही बाजू सारख्याच तापल्या असतील तर प्रश्न ५, ८ आणि १४ वाचा.

३. जॅकवर चाक फिरवून पाहिलं तर घासल्याचा आवाज येतो. म्हणजे ब्रेक धरतो का?

पुढच्या डिस्कला हलकी, एकसारखी घासर असतेच. डिस्कवर पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये पिस्टन मागे ओढणारी स्प्रिंग नसते. पिस्टनभोवतीचं चौकोनी काटाचं रबर सील ब्रेक दाबल्यावर थोडं पिळवटतं आणि सोडल्यावर मूळ आकारात येताना पिस्टनला केसभर मागे नेतं, एवढंच. त्यामुळे पॅड डिस्कपासून फार दूर जात नाही. एका हाताने चाक सहज फिरलं तर ठीक. दोन्ही हातांनी जोर लावावा लागत असेल तर नाही.

मागच्या चाकांना डिफरन्शिअलचं ओझं असतं, म्हणून गिअर न्यूट्रल, हँडब्रेक खाली, आणि शक्यतो दोन्ही चाकं उचलून तपासा. उरलेल्या चाकांना पुढे-मागे दगड लावा आणि गाडी घोडीवर (पक्क्या स्टँडवर) टेकवा, नुसत्या जॅकवर हात घालू नका. चाक फिरवण्याआधी कुणालातरी एकदा जोरात ब्रेक दाबून सोडायला सांगा. बऱ्याचदा दोष त्यानंतरच दिसतो.

४. दोष चाकात आहे की वरच्या लाइनमध्ये, हे घरच्या घरी कसं ओळखू?

निपल, म्हणजे चाकाजवळचा ऑइल आणि हवा सोडायचा छोटा स्क्रू, उघडून. अट एकच: चाक धरलेलं असतानाच तपासायचं. गॅरेजला नेऊन रात्रभर उभी केलेली गाडी सकाळी सगळ्यांना निरोगी दिसते.

चाक हाताने फिरत नाही अशा अवस्थेत त्या चाकाच्या निपलवर पारदर्शक नळी चढवा, दुसरं टोक बाटलीत सोडा आणि पान्याने निपल अर्धा आटा सैल करा. डोळ्यांवर चष्मा हवा, ऑइल गरम असतं आणि रंगावर पडलं तर रंग उचलतं. आता दोनच शक्यता.

ऑइलची चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं झालं: लाइनमध्ये दाब अडकून पडला होता. कॅलिपर किंवा व्हील सिलिंडरचा (मागच्या ड्रममध्ये ब्रेक लावणाऱ्या सिलिंडरचा) दोष नाही. प्रश्न ५, ८ आणि ९ कडे जा.

ऑइल थेंबभर आलं आणि चाक तसंच घट्ट: दाब नाही, काहीतरी यांत्रिक अडकलंय. पुढचं चाक असेल तर प्रश्न ६, मागचं असेल तर ७.

निपल परत घट्ट करा, ब्रेक ऑइलच्या टाकीतली पातळी बघा. निपल गंजून बसलं असेल तर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि सहा पैलूंचा बॉक्स पाना वापरा. उघड्या पान्याने ते गोल होतं, आणि मग दहा मिनिटांच्या कामाचं अर्ध्या दिवसाचं काम होतं.

ही चाचणी न करता नवा कॅलिपर बसवणारे खूप आहेत. नवा कॅलिपर घालताना लाइन उघडते, अडकलेला दाब निघून जातो, गाडी दोन दिवस छान चालते आणि पुन्हा धरते. मग पार्ट डुप्लिकेट होता असं ठरतं.

५. निपल उघडल्यावर चाक मोकळं झालं. मग होज पाइप की मास्टर (पेडलने दाब तयार करणारा मुख्य सिलिंडर)?

किती चाकं धरतायत ते आधी बघा. पुढच्या प्रत्येक चाकाला स्वतंत्र रबरी होज असतो, म्हणून पुढचं एकच चाक धरत असेल तर होजवर संशय पक्का. मागे मात्र चेसिसवरून अ‍ॅक्सलवर येणारा होज बहुतेक गाड्यांत एकच असतो, तिथून लोखंडी पाइप दोन्हीकडे जातात. त्यामुळे मागची दोन्ही चाकं एकदम धरली तरी दोष त्या एका होजचा असू शकतो.

खात्रीसाठी: चाक धरलेलं असताना होजच्या वरच्या टोकाचा, म्हणजे लोखंडी पाइपचा नट सैल करा. तिथे सोडूनही चाक मोकळं होत नाही आणि निपलवर सोडल्यावर होतं, म्हणजे होज आतून बुजलाय. वरच्या टोकालाच दाब सुटून चाक मोकळं झालं तर दोष त्याच्याही वर, मास्टरकडे. मागच्या लाइनवर असाल तर वाटेतला लोडचा व्हॉल्व्हही (प्रश्न १४) संशयात धरा.

जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो. आतलं रबर फुगून भोक अरुंद होतं किंवा आतला पापुद्रा सुटून झडपेसारखा वागतो. पायाच्या जोराने ऑइल आत ढकललं जातं, परत येताना तो जोर नसतो. कधी होज ठीक असतो, पण त्याला धरणारी पत्र्याची पट्टी गंजून फुगते आणि होज आवळते. कोकणपट्टीतल्या गाड्यांत ही पट्टी आधी बघा. होज जोडीनेच बदला. आणि तपासताना पक्कडीने होज दाबून धरू नका, चांगला होजही त्यानेच आतून फाटतो.

६. पुढचं चाक, निपल उघडूनही घट्टच. कॅलिपर बदलायचा का?

लगेच नाही. कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो त्या आधी बघा. कॅलिपर हाताने पुढे-मागे सरकायला हवा. पिनवरचं रबरी बूट फाटलं की पाणी आत जातं, पिन गंजते, आणि ब्रेक सोडल्यावर कॅलिपर जागचा हलत नाही. आतलं आणि बाहेरचं पॅड वेगवेगळं झिजलंय, किंवा पॅड तिरकं झिजलंय, ही त्याची खूण. पिन साफ करा, खड्डे पडले असतील तर बदला, आणि ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीस लावा. बेअरिंगचं ग्रीस लावलं तर रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन आणखी घट्ट बसते. हे इतक्या गाड्यांत दिसतं की पिन काढल्यावर आधी ग्रीसचा रंग आणि बूटची अवस्था बघावी.

पिन ठीक असतील तर पिस्टन. पॅड काढून पिस्टन हळूहळू मागे दाबा, निपल उघडं ठेवून, म्हणजे घाण ऑइल वर मास्टरकडे जाणार नाही. सहज गेला तर चांगला. अडखळत गेला तर बूट उचलून गंज बघा. पिस्टनवर नुसते डाग असतील तर सील किटवर भागतं. खड्डे पडले असतील तर पिस्टन किंवा पूर्ण कॅलिपर. पॅड ज्या खाचेत बसतं तिथला गंजही ब्रशने काढा, पॅड तिथेच अडकलेलं असणं अगदी शक्य आहे.

७. मागचा ड्रम जाम आहे, निघतच नाही. आत काय असेल?

काढण्यासाठी आधी हँडब्रेकची केबल सैल करा, मग ड्रमला आतून दाबणारे शू जवळ-दूर करणारा अ‍ॅडजस्टर मागे घ्या. बऱ्याच ड्रमना आट्यांची दोन भोकं असतात. त्यात बोल्ट आवळत गेलं की ड्रम स्वतःच बाहेर येतो. काठावर घणाचे घाव घातले तर ओतीव लोखंड तडकतं.

आत बघायच्या गोष्टी: व्हील सिलिंडरचा एखादा पिस्टन गंजून बसलाय का (कुणाला तरी हळूच पेडल दाबायला सांगितलं की दोन्हीपैकी कुठला हलत नाही ते दिसतं; दुसरा शू हाताने धरून ठेवा, नाहीतर पिस्टन बाहेर पडेल); रिटर्न स्प्रिंग ताणून ढिली झालीय का; बॅक प्लेटवर शू जिथे टेकतो तिथे खाच पडलीय का. ही शेवटची गोष्ट फार थोडे मेस्त्री बघतात. शू खाचेत अडकतो आणि स्प्रिंग नवी असूनही परत येत नाही. ड्रमच्या काठाला धार आली असेल तर शू तिलाही अडकतो.

काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये (शूवरच्या घासणाऱ्या थरात) ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा, तोंडावर मास्क लावा.

८. सकाळी गाडी मस्त. आठ-दहा किलोमीटरनंतर चारही चाकं धरतात, पेडल दगडासारखं होतं. थंड झाली की पुन्हा ठीक.

हा मास्टर सिलिंडरकडचा दोष, चाकांना हात लावायची गरज नाही. ब्रेक सोडल्यावर ऑइल टाकीत परतण्यासाठी मास्टरमध्ये एक बारीक भोक असतं. पिस्टन पूर्ण मागे आला तरच ते उघडतं. ते झाकलेलं राहिलं की लाइनमधलं ऑइल कोंडतं. तापल्यावर ते प्रसरण पावतं, जागा नसल्याने ब्रेक लावतं, ब्रेक लागल्याने आणखी तापतं. थंड झाल्यावर दाब उतरतो आणि गॅरेजमध्ये काहीच सापडत नाही.

इंजिन बंद करून पेडल चार-सहा वेळा दाबा, मग बोटाने ढकलून बघा. सुरुवातीला काही मिलिमीटर मोकळी चाल हवी. ती नसेल तर पेडल पूर्ण मागे येत नाही. ब्रेक लाइटचा स्विच पुढे आवळला गेलाय का, पायाखालचं मॅट अडकतंय का, पेडलची स्प्रिंग आहे का, हे बघा. फुकटात होणारी दुरुस्ती इथेच असते.

चाल आहे, तरी धरतं? इंजिन बंद ठेवून मास्टरचे बूस्टरवरचे दोन नट सैल करा आणि मास्टर दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढा. चाकं मोकळी झाली तर बूस्टरची पुशरॉड (मास्टरचा पिस्टन ढकलणारा दांडा) लांब आहे. बूस्टर किंवा मास्टर नुकताच बदलला असेल तर हेच कारण, रॉड जुळवून घ्या. तरीही मोकळी झाली नाहीत आणि मास्टरजवळचा पाइप सैल केल्यावर झाली, तर मास्टरच्या आत सील फुगलंय किंवा भोक बुजलंय.

फक्त पुढची दोन किंवा फक्त मागची दोन धरत असतील तरी मास्टर सुटत नाही. पिकअपमध्ये सहसा पुढची आणि मागची लाइन वेगळी असते आणि मास्टरचे दोन कप्पे स्वतंत्र काम करतात. मागच्यांसाठी आधी प्रश्न ५ मधला होज मात्र बघून घ्या.

९. इंजिन चालू असतानाच ब्रेक धरतात. बंद केलं की सुटतात.

बूस्टर. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा दाबा, म्हणजे साठलेला व्हॅक्यूम संपेल. त्यानंतर चाक मोकळं झालं आणि इंजिन सुरू केल्यावर पाय न लावता पुन्हा धरलं, तर बूस्टरची आतली झडप बसत नाही. बूस्टरच्या नळीत ऑइल दिसतंय का तेही बघा. अनेक जुन्या डिझेल गाड्यांत व्हॅक्यूम पंप अल्टरनेटरच्या मागे असतो. त्याचं ऑइल नळीतून बूस्टरमध्ये शिरलं की आतलं रबर खराब होतं. तसं असेल तर पंपाकडचा दोष आधी काढा, नाहीतर नवा बूस्टरही त्याच वाटेने जाईल.

१०. ड्रायव्हरने ब्रेकच्या टाकीत चुकून इंजिन ऑइल टाकलं. काढून टाकलं, आता चालेल ना?

नाही. खनिज तेलाने या यंत्रणेतलं रबर फुगतं आणि फुगलेलं परत बसत नाही. टाकीच्या झाकणातलं रबर फुगून वेडंवाकडं झालं असेल तर बाकीच्यांचं काय झालं असेल ते समजा. शंका असेल तर टाकीतलं थोडं ऑइल ग्लासभर पाण्यात टाका: ब्रेक ऑइल पाण्यात मिसळतं, खनिज तेल वर तरंगतं.

गाडी चालवलेली नसेल, पेडलही दाबलेलं नसेल, तर टाकी उपसून आणि धुऊन वाचण्याची शक्यता आहे. चालवली असेल तर मास्टरचं किट, कॅलिपर आणि व्हील सिलिंडरची सीलं, सगळे होज बदलणं आणि लोखंडी पाइप ब्रेक क्लीनरने धुणं, एवढं करावंच लागतं. खर्च ऐकून अर्धंच काम करणारे दुसऱ्यांदा पूर्ण खर्च करतात. याच कारणासाठी सीलं कधी डिझेल, पेट्रोल किंवा रॉकेलने धुऊ नयेत.

११. डॉट ३ आणि डॉट ४ ही ब्रेक ऑइलं मिसळली तर ब्रेक धरतात का?

नाही, दोन्ही एकाच जातीची आहेत. टाकीच्या झाकणावर लिहिलंय तेच घाला. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळायचं नाही. (५.१ वेगळं, ते डॉट ४ च्याच कुळातलं.) महत्त्वाचं म्हणजे वय: ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, त्या ओलीने आतून गंज चढतो आणि पिस्टन अडकतात. दोन वर्षांनी बदला, गाडी कमी चालली असली तरी.

१२. पावसाळ्यात सकाळी गाडी हलतच नाही, मग "थाड" आवाज येऊन सुटते.

रात्री हँडब्रेक ओढून ठेवला की ओले लायनर ड्रमला गंजाने चिकटतात. दिवसभर नंतर काही त्रास नसेल तर मोठा दोष नाही. पावसाळ्यात आणि गाडी धुतल्यावर सपाट जागी पहिल्या गिअरमध्ये उभी करा, चाकांना दगड लावा, हँडब्रेक सोडा.

सुटल्यानंतरही मागचं चाक तापत असेल तर केबल बघा. पाणी आवरणात शिरून तार गंजते, दांडा खाली येतो पण तार परत सरकत नाही. गाडीखाली जाऊन केबलचं टोक हाताने ओढून सोडलं की कळतं. तेल घालून दोन आठवडे निघतात, शेवटी नवीच लागते.

१३. नवे लायनर टाकल्यापासूनच चाक तापतंय.

पहिले शे-दीडशे किलोमीटर थोडी धग येते, लायनर ड्रमला बसत असतात. हात जवळ नेता येत नाही इतकं तापत असेल तर अ‍ॅडजस्टर जास्त आवळलाय. चाक उचलून घासर जेमतेम ऐकू येईल इतका मागे घ्या, आणि हँडब्रेकची केबल शूंचं अ‍ॅडजस्टिंग झाल्यावरच लावा. पेडल वर यावं म्हणून केबल आवळून दिलेली गाडी बऱ्याचदा समोर येते. शू उलटसुलट बसलेत का तेही पाहा, कारण काही गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शूचे लायनर वेगळ्या लांबीचे असतात.

१४. मागच्या स्प्रिंगला जादा पाटे टाकलेत. आता पुढची दोन्ही चाकं फार तापतात, पण जॅकवर मोकळी फिरतात.

म्हणजे ती धरत नाहीत, जास्तीचं काम करतायत. अनेक पिकअपमध्ये मागच्या अ‍ॅक्सलला रॉडने जोडलेला एक व्हॉल्व्ह असतो. माल भरला की गाडी खाली बसते, रॉड हलतो आणि मागच्या ब्रेकला जास्त दाब मिळतो. जादा पाट्यांमुळे भरलेली गाडीही उंच राहते, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते. सगळा भार पुढच्या पॅडवर. रॉड गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे नव्या उंचीला जुळवून घ्यावा लागतो. तो तारेने बांधून टाकणं हा उपाय नाही: रिकाम्या गाडीत ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होतात आणि गाडी आडवी येते.

१५. चाक तापतंय, पण ब्रेक मोकळा आहे.

बेअरिंग. ब्रेकची धग डिस्क किंवा ड्रमच्या कडेला जास्त असते, बेअरिंगची मधल्या कपाजवळ. चाक वर-खाली हलवून प्ले (ढिलेपणा) बघा, फिरवताना खरखर ऐका. नुकतंच बेअरिंग भरलं असेल तर ते जास्त आवळलेलं असण्याचीच शक्यता अधिक.

१६. कसाऱ्याचा घाट उतरल्यावर चाकांतून धूर येतो. हेच का ते?

भरलेली गाडी ब्रेकवरच उतरवली तर सगळ्या चाकांतून सारखाच वास येणार. उतार सुरू होण्याआधी, वरच असताना गिअर उतरवा, म्हणजे इंजिन गाडी धरून ठेवेल. एकाच चाकातून धूर येत असेल तर मात्र प्रश्न २ पासून सुरुवात करा.

खाली आल्यावर तापलेल्या ड्रमवर पाणी ओतू नका, तडे जातात. हँडब्रेकही ओढू नका, थंड होताना ड्रम आकसतो आणि शूंवर घट्ट बसतो.

१७. रस्त्यातच चाक जाम झालं, माल भरलाय. काय करू?

बाजूला घ्या, दगड लावा, अर्धा तास थांबा. धूर वाढत असेल तर आग विझवायची बाटली किंवा माती हाताशी ठेवा आणि टायरसमोर उभे राहू नका. निवल्यावर निपल जरासं उघडून दाब सोडता येतो, पण नंतर ते घट्ट बंद करून पेडल तपासल्याशिवाय हलू नका. पेडल मऊ लागलं तर गाडी हलवायचीच नाही. चांगलं लागलं तर जवळच्या गॅरेजपर्यंत, हळू, आणि प्रत्येक दोन-तीन किलोमीटरला चाक बघत. एका चाकाची लाइन ठोकून बंद करून माल पोचवायचा जुगाड रस्त्यावर कुणीतरी सुचवतोच. तो करू नका.

१८. काम झाल्यावर ब्रेकच्या लाइनमधली हवा काढताना कुठल्या चाकापासून सुरू करायचं?

मॅन्युअलमध्ये वेगळं दिलं नसेल तर मास्टरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, म्हणून आधी मागचं डावं, मग मागचं उजवं, पुढचं डावं, शेवटी पुढचं उजवं. परदेशी व्हिडिओंत क्रम उलटा दिसतो तो यामुळे. जुन्या मास्टरवर पेडल तळापर्यंत आपटू नका. खाली लाकडाची फळी ठेवा. सिलिंडरचा रोज न वापरला जाणारा भाग आतून गंजलेला असतो, सील तिथपर्यंत गेलं की फाटतं, आणि चाकाचं काम करायला गेलेला माणूस मास्टर घेऊन परततो.

१९. तीन गॅरेज झाली, कुणालाच काही सापडत नाही. कधी धरतात, कधी नाही.

दोष चालू असतानाचीच नोंद ठेवा: कुठलं चाक, किती अंतरानंतर, भरलेली की रिकामी, पेडल वर की खाली, इंजिन बंद केल्यावर सुटलं का. निपलचा पाना, नळी आणि बाटली गाडीतच ठेवा आणि पुढच्या वेळी धरलं की तिथेच, रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी, प्रश्न ४ ची चाचणी करा. ऑइल उडालं की नाही एवढं एक वाक्य मेस्त्रीला सांगितलं तरी त्याचं निम्मं काम होतं. चारही चाकं धरत असतील तर निपलऐवजी आधी पेडलची मोकळी चाल बघा (प्रश्न ८), कारण निपल एकदा उघडलं की पुरावा गेला आणि पुन्हा तापेपर्यंत वाट बघावी लागते.